धुकेगडमधला माझा आवडता भाग

३ जानेवारी

प्रिय वहिनी,

पाकिटावर तुझं माहेरचं नाव घातलंय, आत मात्र वहिनीच लिहिलं. तू माझी वहिनी राहिलेली नाहीस हे एकोणीस वर्षांपूर्वी कागदोपत्री ठरलं. पण मला तुला दुसरं काही म्हणताच येत नाही, त्याला मी तरी काय करू?

पत्ता कसा मिळाला ते आधी सांगते, नाहीतर तू उगाच कोणावर तरी संशय घेशील. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या बनवते. आमच्या मालकांना डोंगर चढायचा नाद आहे. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्या टेबलावर एक नकाशा पसरला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. मी कप उचलला तर खाली नदी. नदीचं नाव सरळ रेषेत नव्हतं, पाण्याच्या वळणाबरोबर वाकवत नेलेलं होतं. असं लिहिणारं एकच माणूस मला माहीत आहे. कोपऱ्यात बारीक अक्षरात तुझं नाव होतं आणि कार्यालयाचा पत्ता. मालक म्हणाले, "अहो, काय झालं?" मी म्हटलं, "डोळ्यात प्लास्टर गेलं."

आता कामाचं. इथल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी दुपारी जुने व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचा एक गट जमतो. आम्ही अकरा जण आहोत. म्होरके एक निवृत्त पोस्टमास्तर, त्यांची बोटं अजूनही कंट्रोलरवर शिक्के मारल्यासारखी आपटतात. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी 'धुकेगड'चे सहाच्या सहा भाग मांडून प्रत्येकाने आपला आवडता भाग सांगायचा आणि दहा मिनिटं बोलायचं. मी पटकन म्हटलं, "तिसरा." पोस्टमास्तरांनी वहीतून मान वर केली नाही. "तिसरा सगळ्यांचाच असतो. तुमचा कुठला?"

तेव्हा मी "दुसरा" म्हणून बसले.

पण दुसरा भाग मी कधी एकटीने खेळलेच नाही. त्याबद्दल बोलायचं म्हणजे तुझ्याबद्दल बोलावं लागणार. तर बोलू का, एवढंच विचारायला हे पत्र.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. दादा ठीक आहे. मी ठीक आहे. उत्तर दिलंच पाहिजे असं काही नाही.

तुझी,
धाकटी


२४ जानेवारी

प्रिय वहिनी,

तीन आठवडे झाले. टपाल गहाळ झालं असेल असं मी स्वतःला सांगते, आणि मग मला पोस्टमास्तरांचा चेहरा आठवतो. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे टपाल गहाळ होत नाही, माणसं उत्तर देत नाहीत.

म्हटलं, मी काय बोलणार आहे ते तरी तुला लिहून पाठवावं. नको वाटलं तर काट मार.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी तेरा वर्षांची होते. सगळे म्हणत होते, नवी वहिनी सरकारी कार्यालयात नकाशे काढते, फार हुशार आहे. मी घाबरून होते. चौथ्या दिवशी तू बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेलं मशीन काढलंस आणि विचारलंस, "तुमच्या टीव्हीला मागे तीन भोकं आहेत का?" मला वाटलं होतं तू साड्या काढशील.

पहिला भाग आपण आठवड्याभरात सोडून दिला. त्यात सगळ्यांचे चेहरे सारखे, राजा आणि चोर यांत फरक फक्त टोपीचा. दुसरा मात्र धरला तो धरला. तू तलवारवाली, मी वैद्य. गडाखालची तळघरं, सगळीकडे अंधार, आणि वाट दाखवायला खेळात नकाशाच नाही. तू ग्राफपेपर मांडीवर घ्यायचीस. "पुढे दोन घरं. डावीकडे बंद. थांब, खड्डा." पेन्सिल कानामागे, कंट्रोलर हातात. मी "वहिनी, तुमच्या मागे, तुमच्या मागे बघा" असं ओरडले तेव्हा तू म्हणालीस, "तुम्ही-तुम्ही करत बसलीस तर मरू आपण दोघी. तू म्हण." आईला ते आवडलं नव्हतं. पण तेव्हापासून तू 'तू' झालीस.

मी वाईट वैद्य होते. औषध द्यायचं सोडून पेटारे उघडत हिंडायचे. तू पडलीस की मी "सॉरी, सॉरी" म्हणायचे आणि तू म्हणायचीस, "सॉरीने जखम भरत नाही गं, पाणी शिंपड."

शेवटचा राक्षस एका रविवारी दुपारी पडला. मी पलंगावर इतक्या जोरात उड्या मारल्या की खालची फळी मोडली. दादाने विचारलं, "हे कोणी केलं?" तू म्हणालीस, "मी जरा जोरात बसले." दादा तुझ्याकडे बघत राहिला. तू एवढीशी, चाळीस-बेचाळीस किलोची.

हे सगळं मी बोलणार आहे. लोक हसतील.

तिसऱ्या भागाबद्दल बाकीचे बोलतील. पाचवा मी सुरू करून अर्ध्या तासात बंद केला, त्यात सोबतीला कोणीच नाही, कंटाळा. चौथ्याबद्दल मी काहीच बोलणार नाही. त्यात माणसं फार बडबडतात. शिवाय तो मी हेडफोन लावून खेळायचे.

मला वाटतं हे पत्र इथे थांबवावं.

धाकटी


२६ जानेवारी

वहिनी,

परवाचं पत्र टाकलं आणि पेटीपाशीच उभी राहिले. कुणाला फसवते आहे मी? तुला? तू तर तिथे होतीस.

लिहूनच टाकते.

तो मंगळवार होता. मी सतरा वर्षांची. क्लास बुडवून दुपारीच घरी आले होते. आई आत झोपली होती. मी चौथा भाग लावला, कानावर हेडफोन घातले. आई कधी उठली, न्हाणीघरात कधी गेली, कधी घसरली, मला काही कळलं नाही. ती हाका मारत होती. किती वेळ, ते मला माहीत नाही. अर्धा तास? त्याहून जास्त? मला माहीत नाही असं मी एकोणीस वर्षं म्हणते आहे. खरं म्हणजे खेळात वर कोपऱ्यात वेळ दिसतो. हेडफोन लावून एक तास दहा मिनिटं झाली होती.

तू दारातून आलीस आणि माझ्या समोरून पळत आत गेलीस. तुझी पर्स जमिनीवर पडली, तेव्हा मी हेडफोन काढले आणि आईचा आवाज ऐकला.

आणि मग मी काय केलं? टीव्ही बंद केला, दप्तर उचललं, चपला घातल्या आणि जिना उतरले. कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा दादा आलेला होता, शेजारचे काका आईला उचलायला मदत करत होते. दादाने मशीनवर हात ठेवला. "हे गरम कसं?"

तू म्हणालीस, "मी आत्ताच आले."

"कार्यालयातून तू साडेतीनलाच निघालीस. मी फोन केला होता."

"डोळे तपासायला गेले होते."

"सहा वाजेपर्यंत डोळेच तपासत होतीस?"

मग तू माझ्याकडे पाहिलंस. दादाने पण पाहिलं. मी म्हटलं, "मी क्लासहून येतेय."

तीन शब्द. त्यानंतर घरात तुझ्याबद्दल जे जे बोललं गेलं, सासू तडफडत होती आणि सून खेळत होती, ते सगळं त्या तीन शब्दांवर उभं होतं. दादा काही ओरडला नाही, तो कधीच ओरडत नाही. तो बोलायचा बंद झाला. आठ दिवस, पंधरा दिवस. तिसऱ्या आठवड्यात तू मशीन तसंच टीव्हीखाली ठेवून कपड्यांची बॅग तेवढी घेऊन गेलीस.

अजून एक आहे. आईला ठाऊक होतं. जायच्या आधी काही दिवस, मी तिचे केस विंचरत होते, तर म्हणाली, "त्या दिवशी घरात तू होतीस. जिन्यावर तुझ्या चपला वाजल्या." मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तिला परत जायला घर होतं. तू कुठे गेली असतीस?"

आईला मी वाईट म्हणू शकत नाही. पण तुझ्या वाट्याला आम्ही दोघी आलो, एक खोटं बोलणारी आणि एक गप्प बसणारी.

याला उत्तर नको देऊस.


५ फेब्रुवारी

धाकटे,

तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं गहाळ झालं नव्हतं. तुझे पोस्टमास्तर बरोबर आहेत.

आधी तुझी एक चूक दुरुस्त करते. तुला वाचवायला मी गप्प बसले अशी तुझी समजूत दिसते. पलंगाच्या फळीचं सोड, तो गमतीचा भाग होता. त्या मंगळवारी मी गप्प बसले कारण मला वाटलं, तू आत्ता बोलशील. मग वाटलं रात्री बोलशील, मग उद्या. तीन आठवडे मी वाट पाहिली. तू जेवायला खाली मान घालून बसायचीस आणि मी पाहत राहायचे. तू बोलली असतीस तर तुझ्या दादाचं आणि माझं बरं झालं असतं असं नाही. ते आधीपासूनच बिनसलेलं होतं. पण मी त्या घरातून तसा ठपका घेऊन निघाले नसते. माझ्या आईवडिलांनीही मला विचारलं, "खरंच खेळत होतीस का?" ते मला फार लागलं.

तू लिहिलंस ते बरं केलंस. उशिरा केलंस.

आवडत्या भागाचं विचारलं आहेस, म्हणून सांगते. माझा आवडता भाग पाचवा आहे. तू अर्ध्या तासात बंद केलास तोच. मी तो वेगळी राहायला लागल्यावर दुसऱ्या वर्षी खेळले, भाड्याच्या एका खोलीत, जुन्या बाजारातून आणलेल्या मशीनवर. त्यात सोबतीला कोणी नाही, हे मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. कोणी औषध देईल म्हणून वाट पाहायची नाही. स्वतःची बाटली स्वतःच्या कमरेला. तुम्ही सगळे ज्याला कंटाळा म्हणता, त्याने मी उभी राहिले.

तुमच्या गटात माझ्याबद्दल बोलायला हरकत नाही. नाव घेऊ नकोस. पण दहा अनोळखी लोकांना सांगण्याआधी, ज्याला सांगायला हवं त्याला सांग. ते न करता माझी गोष्ट लोकांना ऐकवलीस तर मला चालणार नाही.

आई गेल्याचं वाईट वाटलं. त्या मला हाक मारायच्या ती हाक चांगली होती.


१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सांगितलं.

चार दिवस मी नुसती टाळत होते. लॅबमध्ये एका आजोबांची कवळी तीनदा बिघडवली. शेवटी काल सकाळी दादाकडे गेले. तो एकटाच राहतो, तुला माहीत असेल की नसेल. पुन्हा लग्न केलं नाही. दवाखान्यांना उपकरणं विकायला अजून गावोगाव फिरतो, पण आता गुडघे दुखतात. मी गेले तेव्हा खिडकीत बसून बूट पुसत होता.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. क्लास, हेडफोन, चपला, सगळं. तो ब्रश फिरवत राहिला. एकच बूट, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, आता हा महिनाभर बोलणार नाही.

मग म्हणाला, "ती डोळे तपासायला गेली होती?"

"हो."

"चष्मा लागला होता तिला. जाताना घातला होता. मला वाटलं मुद्दाम घातलाय."

मी म्हटलं, "दादा, मी खोटं बोलले."

"तू लहान होतीस." मग दुसरा बूट हातात घेऊन, "मी नव्हतो. कार्यालयात मी फोन केला, डोळ्यांच्या डॉक्टरांना का नाही केला? एक फोन होता. मला तेव्हा एक कारण हवं होतं. तू आयतं हातात दिलंस."

मी रडायला लागले तर म्हणाला, "बूट ओले होतील." हा त्याचा विनोद होता, वहिनी. त्याला विनोद करता येतो हे मला आजवर माहीत नव्हतं.

निघताना जिन्यापर्यंत आला. "तिला कळव, की..." म्हणाला, आणि पुढे काही बोललाच नाही. मी वाट पाहिली. तो कठड्याला धरून उभा होता. मग आत गेला. तर कळवते. जेवढं होतं तेवढं कळवते.

पाचवा भाग मी परवा पुन्हा लावला आहे. अजून सुरुवातीच्या नावेतच आहे.

धाकटी


१ मार्च

प्रिय वहिनी,

काल झालं एकदाचं.

आधी बाकीच्यांचं सांगते. सात जणांनी तिसरा निवडला, त्यातला एक संगीताबद्दल बोलता बोलता चक्क गुणगुणायला लागला आणि थांबेना. बँकेतल्या बाईंनी चौथा निवडला. त्यांना एकटं राहावं लागतं आणि त्यातली माणसं बडबडतात म्हणून त्यांना तो आवडतो. मला चौथ्याबद्दल जे वाटायचं ते त्यांच्यासमोर म्हणवेना. एकाने सहावा. पोस्टमास्तरांनी पहिला. म्हणाले, "सगळ्यांचे चेहरे सारखे, म्हणून कोणाशी कसं वागायचं हे चेहरा बघून ठरवता येत नाही. तीस वर्षं मी खिडकीमागे बसलो, मला हे जमलं नाही, या खेळाने शिकवलं."

माझी पाळी शेवटची होती. तळघरं सांगितली, ग्राफपेपर सांगितला, 'तू म्हण' सांगितलं. हसले सगळे. मग मी म्हटलं, ज्या बाईने मला हा खेळ शिकवला तिच्यावर मी एक आळ येऊ दिला. आणि तेही सांगितलं. थोडक्यात.

खुर्च्या करकरल्या. माझी दहा मिनिटं कधीच संपली होती. पोस्टमास्तरांनी वहीत माझ्या नावापुढे 'दुसरा' लिहिलं आणि विचारलं, "त्यांचा कुठला?"

मी म्हटलं, "पाचवा."

त्यांनी खाली एक ओळ वाढवली. बाराव्या माणसाचं मत, नावाशिवाय. पाचव्याला मिळालेलं एकच मत. तू आली नव्हतीस तरी तुझं मत धरलं गेलं. तुला राग तर नाही ना आला?


१० मार्च

धाकटे,

राग नाही आला. पाचव्याला एकच मत, हे मात्र तुमच्या गटाला शोभत नाही.

रस्त्याच्या मोजणीसाठी तेवीस तारखेला तुमच्या शहरात येते आहे. दोन ते चार मोकळी आहे. स्टेशनसमोरच्या हॉटेलात बस. पाचवा संपवून ये. अर्धवट वाचून परीक्षेला बसलेली माणसं मला आवडत नाहीत.

तुझ्या दादाला सांग, वाक्य पुरं करायची घाई नाही.


२४ मार्च

प्रिय वहिनी,

काल तू गेलीस आणि मी लॅबवर परत आले. मालकांनी चेहरा बघितला आणि काही न विचारता मला पॉलिशच्या कामावर बसवलं. त्यात बिघडण्यासारखं काही नसतं.

मी दोन दिवस भाषण पाठ केलं होतं. तू आलीस, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंस आणि पहिला प्रश्न काय, तर "संपवलास?"

"संपवला."

"मग?"

"शेवट वाईट आहे," मी म्हटलं. खरं तेच म्हटलं. बाई एवढी नाव वल्हवते, डोंगर चढते, गडाचं दार उघडते, आणि आत कोणीच नाही. दिवा लावते, खेळ खलास. "एवढं चालून शेवटी रिकामा गड?"

तू चष्म्यावरून पाहिलंस. "रिकामा कसा? ती आहे ना आत."

आणि मग आपण जे सुरू झालो! तू पाचव्याची बाजू, मी दुसऱ्याची. मी म्हटलं, सोबत नसेल तर जिंकल्यावर उड्या कोणापुढे मारायच्या? तू म्हणालीस, उड्या मारायला पलंग लागतो, माणूस नाही. वेटर दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा त्याने हळूच विचारलं, "काही भांडण आहे का?" तू म्हणालीस, "हो. पण तुमच्या हॉटेलातलं नाही."

तुझे केस किती पिकलेत. तू हसतेस तेव्हा अजून हनुवटी आत घेतेस. हे मी तिथे बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

चार वाजले, आपण दारात आलो, आणि पाठ केलेल्या भाषणातला एक शब्द आठवेना. मी नुसतं म्हटलं, "वहिनी, मला माफ कर." समोरून ट्रक गेला. तू म्हणालीस, "काय?" मला ते पुन्हा, ओरडून म्हणावं लागलं. पानाच्या टपरीवरची दोन माणसं वळून बघायला लागली.

तू बॅगेचा पट्टा नीट केलास. मग म्हणालीस, "माफ वगैरे मला अजून जमत नाहीये. त्या सतरा वर्षांच्या मुलीचा मला राग येतो, तो येतोच. पण आज समोर बसून भांडली ती बाई मला आवडली."

मी पर्समध्ये उगाच रुमाल शोधत राहिले.

मग रस्ता ओलांडता ओलांडता तू मागे वळून म्हणालीस, "सहावा मी खेळलेच नाही. त्याला लागणारं मशीन माझ्याकडे नाही. दोघींना खेळता येतो का तो?"

मी रस्त्याच्या अलीकडून मान डोलावली. दिसली का तुला? नसेल दिसली, म्हणून लिहिते. खेळता येतो.

मे महिन्यात माझी चार दिवसांची रजा शिल्लक आहे. अर्ज आज सकाळीच मालकांच्या टेबलावर ठेवला. मशीन मी आणते, दोन कंट्रोलर आणते, टीव्ही तुझा. नाही म्हणायचं असेल तर शुक्रवारपर्यंत कळव, म्हणजे अर्ज परत घेता येईल.

तुझी,
धाकटी